दार एकतीस इंच

माझी भाची शिवणकाम करते. बायकांच्या कपड्यांचं दुकान आहे, तिथे चौघी जणी बसतात: एक कटिंगवाली, एक काजवाली, एक मशीनवाली आणि ही. दोन वर्षांपूर्वी पडली, पाठीचा कणा दुखावला, तेव्हापासून व्हीलचेअरवर. हात पहिल्यासारखेच चालतात आणि जीभ जरा जास्तच. मावशीवर गेलीये, दुसरं काय.

पूर्वी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चौघी बाहेर जेवायला जायच्या. ही पडल्यावर ते बंद झालं. "हल्ली कुणालाच वेळ नसतो गं, मावशी," म्हणायची. मग एक दिवस हिनेच मनावर घेतलं. माझी खुर्ची आत जाईल असं हॉटेल मीच शोधते आणि तिघींना चकित करते, म्हणाली.

झाले फोन सुरू. मी शेजारी शेंगा सोलत ऐकत होते. एक म्हणाला, "पायऱ्या अजिबात नाहीत, ताई. फक्त तीन." दुसरा म्हणाला, "आमची माणसं उचलून आणतील की." "मी काय गव्हाचं पोतं आहे?" ही. तिसऱ्याकडे उतार होता, पण त्यावर सिलिंडर ठेवलेले. कुणी दार मोठं आहे म्हणालं, की हिचं ठरलेलं, "मोठं म्हणजे किती? टेप लावा, मी थांबते." मी म्हटलं, "अगं मापाडीणबाई, घरीच मागव, मी वाढते सगळ्यांना." तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मी गुपचूप शेंगांकडे वळले.

सतरावा मॅनेजर मात्र गोड निघाला. दार मोजून आला. एकतीस इंच, आणि पायरी एकही नाही. हिची खुर्ची सव्वीस. हिने खुशीत दुकानाचं नाव सांगून महिन्याच्या शेवटच्या शनिवारचं टेबल मागितलं. तो म्हणाला, "अहो, मग आधी नाही का सांगायचं? तुम्ही तर नेहमीच्या. दर शेवटच्या शनिवारी तिघी येता. वरच्या मजल्यावरचं टेबल तुमच्यासाठी ठेवलेलंच असतं."

फोन स्पीकरवर होता. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. रोज मांडीला मांडी लावून काम करणाऱ्या बाया, आणि दोन वर्षं एकीच्याही तोंडून अवाक्षर नाही. तिकडून "हॅलो, हॅलो" चाललेलं. मग भाची म्हणाली, "या शनिवारी खालचं ठेवा. चौघींचं. खुर्च्या तीनच."

तिघींना सांगायची गरजच नव्हती, त्या येणारच होत्या. शनिवारी मी हिला सोडायला गेले आणि निघालेच नाही. पलीकडच्या टेबलाशी चहा घेऊन बसले. असलं काही सोडून घरी कोण जाईल? तिघी हसत आल्या, जिन्याकडे वळल्या आणि कटिंगवाली जागीच थिजली.

"तू इथे कशी आलीस?"

"दारातून."

कटिंगवाली समोरच्या खुर्चीत बसली. "तुला बोलावलं आणि आत येता आलं नाही, तर तुला वाईट वाटेल, म्हणून..."

"मला विचारलंत?"

"नाही."

"गिऱ्हाइकाचं माप न घेता कापड कापतो का आपण? आणि या दाराला दोन वर्षांत एकीनेही टेप लावली नाही."

काजवालीला तोंड कुठे लपवावं कळेना. ती सरळ जिना चढून वर गेली. पळायला जागा सापडली तीही बघा, नेमकी जिथे माझी भाची जाऊ शकत नाही ती. मी उठायला लागले, तर भाचीने हाताच्या खुणेनेच मला बसवलं आणि फोन लावला.

"ऐक. मला वर येता येत नाही, तुला खाली येता येतं. मला तुझ्याशी भांडायचंय आणि भूकही लागलीये. दोन्ही एकटीने होत नाही."

बराच वेळ जिन्यावर काहीच हललं नाही. मशीनवाली डोळे पुसत मेन्यू उलटा धरून वाचत होती. मग चपला वाजल्या, एकेक पायरी सावकाश. काजवाली आली, उरलेली खुर्ची ओढून बसली.

"भांड," म्हणाली.

"आधी मागवू," भाची म्हणाली.