अकरा नंबर रिकामा होता

आमच्या ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. कॉम्प्युटरच्या पंख्यात धूळ साचते तसे ते साचले. मशीन बंद पडली आणि झाकण उघडलं, की कळतं किती झाले ते.

ऑफिस म्हणजे तुमसरातल्या एका बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटची खोली. पुढे एक दार, मागे एक दार, मध्ये भूषण आणि मी. इथून जवळचा एक बंद कारखाना नव्या मालकानं पुन्हा सुरू करायला घेतला होता. भट्टीवर लक्ष ठेवणारा तिथला जुना कॉम्प्युटर मेला होता, पण त्यातला प्रोग्रॅम शाबूत होता. आजच्या कॉम्प्युटरमध्ये त्या जुन्याची हुबेहूब नक्कल उभी करायची, हे आमचं काम. नकली प्रोसेसर, नकली घड्याळ, नकली प्रिंटर! यातल्या ज्याला प्रोसेसरचं लक्ष हवं असेल तो मध्येच हाक मारतो, त्याला म्हणायचं इंटरप्ट. हाक कोणाची हे नंबरावरून कळतं, आणि लहान नंबरवाल्याचं आधी ऐकायचं असतं. हे नंबर वाटायचं काम माझ्याकडे होतं.

आई नाकाडोंगरीला असते. दिवसभर तू करतेस तरी काय, असं तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, नसलेल्या यंत्रांना नंबर देते. ती तांदूळ निवडत होती.

"मंग असलेल्यायले कोन देते?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

*

पहिल्याच दिवशी माझ्या माघारी भूषणनं कीबोर्डला आणि प्रिंटरला एकच नंबर देऊन टाकला. वर नकली प्रिंटर खऱ्या प्रिंटरला जोडून ठेवला. एक बटण दाबलं की एक कोरा कागद बाहेर! भूषण घाबरला आणि थांबवायला आणखी बटणं दाबत गेला.

मी आले तेव्हा तो कागदांत बसला होता. मी म्हटलं, वर्गात दोन गणेश असले आणि सरांनी नुसतं "गणेश" म्हटलं तर काय होईल?

"आमच्या वर्गात तीन होते," तो म्हणाला. "मार मलेच पडे."

*

खरे नंबर लिहिलेली फाइल कारखान्यातून आली ती वाळवीसकट. वाळवीनं यंत्रांची नावं ठेवली आणि नंबरांचा रकाना तेवढा खाल्ला. अंदाजे नंबर देऊन चालत नाही, जुना प्रोग्रॅम जुनेच नंबर ओळखतो.

मग देवरामकाका सापडले. सिहोऱ्याचे. त्या कॉम्प्युटरची देखभाल वीस वर्षं त्यांनीच केली होती. त्यांची मुलगी शोभाताई त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आली. ताई आता पंचेचाळिशीच्या. त्या म्हणाल्या, शाळेत असताना रोज दुपारी बाबांचा डबा मीच न्यायची, पण गेटपर्यंतच. तिथलं बटण दाबायचं आणि बाबा बाहेर यायची वाट बघायची. आत काय चालतं ते कधी पाहिलं नाही.

मी काकांना विचारलं, प्रिंटरचा नंबर काय होता? त्यांचं विसरणं तेव्हाच सुरू झालेलं होतं. ताईंनी ते आम्हाला दारातच हळू आवाजात सांगितलं होतं.

"मले नाई आठवत जी. कार्ड द्या."

भंगारातून आणलेलं प्रिंटरचं कार्ड मी हातात दिलं. कार्डावर पिनांची एक रांग असते, ज्या पिनेवर बारकी टोपी बसवाल तो नंबर. काकांनी कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खिडकीबाहेर बघत होते आणि अंगठ्याचं नख रांगेवरून सरकत जाऊन एका पिनेवर थांबलं. बारा. लावून बघितला, प्रिंटर सुरू!

त्यानंतर ताई त्यांना घेऊन येत राहिल्या आणि आमची तीच पद्धत पडली. मी कार्ड द्यायची, भूषण नख कुठे थांबतं ते लिहून घ्यायचा. त्या बोटांची मला थोडी भीतीच वाटायची.

*

उन्हाळा आला म्हणून आम्ही काकांचं टेबल कूलरसमोर हलवलं. त्या दिवशी तपासायला म्हणून तोवर झालेली सगळी कार्डं पुन्हा एकदा दिली आणि सगळे नंबर वेगळेच आले. आम्हाला वाटलं, आधीचे चुकले असतील. नवे भरले. नकली भट्टी तापत तापत गेली, तिची हाक सगळ्यात शेवटी आणि प्रिंटरची आधी. प्रोसेसर निवांत रिपोर्ट छापत बसला.

"भट्टी जळून गेली," भूषण म्हणाला, "पन रिपोर्ट मस्त आला!"

दोन दिवसांनी कळलं. कारखान्यात काकांच्या डाव्या हाताला खिडकी होती आणि कार्डाचं तोंड ते नेहमी खिडकीकडे धरायचे. इथेही आधी ती डावीकडेच होती. आम्ही टेबल फिरवलं, खिडकी उजवीकडे आली, कार्ड उलटं झालं. सगळी रांग दुसऱ्या टोकाकडून मोजली गेली होती. टेबल परत जागेवर गेलं. काका घामानं निथळत होते, पण नंबर बरोबर होते.

*

पावसाळ्यापर्यंत काकांना आमची नावं राहिली नाहीत. मग सिहोऱ्याचा रस्ताही त्यांच्या आठवणीतून गेला. एक दिवस ताई त्यांच्या शर्टाचं बटण लावून देत होत्या, तेव्हा काकांनी मोठ्या अदबीनं विचारलं, "तुमी कोनाकडच्या जी?"

"सिहोऱ्याच्याच," ताई म्हणाल्या, आणि बटण लावून झाल्यावर बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. स्कूटरला किल्ली लावून त्या तशाच उभ्या होत्या.

"कार्ड हातात देलं का त्यायले आठवते," त्या म्हणाल्या. "माहा हात हातात देऊन पाह्यला. नाई आठवत."

मला त्या क्षणी काय सुचलं असेल? अजून चार नंबर उरलेत, ते आधी विचारून घेतले पाहिजेत! याची मला आजही लाज वाटते.

*

ते चारही मिळाले. सगळी कार्डं संपली आणि अकरा नंबर तेवढा रिकामा राहिला. त्याचं कार्डच नव्हतं. प्रोग्रॅममध्ये पाहिलं तर अकराची हाक आली की दोनदा बीप वाजवायचा आणि पुन्हा कामाला लागायचं, एवढंच लिहिलेलं. भट्टीशी संबंध नाही, कशाशीच नाही. भूषण म्हणाला, काढून टाक. मी म्हटलं, काढण्याआधी एकदा ऐकू तरी. अकरा नंबर मी स्पेसबारला जोडला.

दुपारची वेळ होती. काका एक जुनं कार्ड हातात घेऊन खुर्चीत बसले होते, ताई शेजारी उभ्या राहून त्यांचा डबा उघडत होत्या. मी स्पेसबार दाबला. दोन बीप वाजले.

काकांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसले.

"पोट्टी आली," ते म्हणाले.

कोण पोट्टी, असं भूषणनं विचारलं.

"शोभा. गेटवर डबा घेऊन उभी असन." ते उठले. वाटेत ताई होत्या. "जरा सरका जी," त्यांना म्हणाले, आणि बाजूनं जाऊन पुढच्या दारात उभे राहिले. "उनात येते लेकरू."

ताईंनी आमच्यापैकी कोणाकडेही पाहिलं नाही. डब्याचं झाकण लावलं आणि त्या मागच्या दारानं बाहेर पडल्या. गल्लीतून वळसा घालून पुढे यायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ काका रस्त्याकडे बघत होते आणि माझं बोट स्पेसबारवरच होतं.

मग समोरच्या रस्त्यानं ताई आल्या. पायी, हातात डबा.

काकांनी डबा घेतला.

"काहून उशीर केला वं माय?"

"शाळा उशिरा सुटली, बाबा," ताई म्हणाल्या.