आजीने द्यायची माफी

बैसाणेबाई कुठेही गेल्या तरी दाराजवळ बसायच्या. शाळेच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात, अगदी एसटीतसुद्धा. दोंडाईच्याच्या शाळेत आम्ही दोघी बरोबर शिकवत होतो, पण कारण मी कधी विचारलं नाही. त्यांची निवृत्ती जवळ आली होती, पाय सुजायचे. धुळ्याला प्रशिक्षण निघालं की म्हणायच्या, “ऐकी लेवानं, सही करानी, घर येवानं.”

शांतता आणि मानवी हक्कांच्या प्रशिक्षणालाही आम्ही अशाच कंटाळून गेलो. दुपारी शिकवणाऱ्या मुलीने पडद्यावरचं बंद केलं आणि म्हणाली, “आता प्रत्येकाने स्वतःवर आलेला एक प्रसंग सांगा.” कुणी वसतिगृहातला अपमान सांगितला, कुणी सासरचा जाच. बाईंची पाळी आली. त्या बसूनच बोलल्या.

“माझ्या काकाची वरात घोड्यावरून चौकातून गेली. गावाला ते खपलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या घराला बाहेरून कडी लावून घर पेटवलं. आईने कौलं सारून आम्हा भावंडांना वर काढलं.” पुढचं त्यांना घरच्या बोलीतच सांगता आलं. “आजीले काढता उनं नही.” साक्षीला गावातलं कुणी उभं राहिलं नव्हतं, हे त्यांनी शेवटी सांगितलं, रोजचा हिशेब सांगावा तसं.

चहाच्या वेळी प्रशिक्षणालाच आलेले, दुसऱ्या शाळेतले देवरे सर आमच्याजवळ आले. पन्नाशीचा माणूस. कप त्यांनी खाली ठेवला. “अक्का, मी त्याच गावना शे. तठेच शाळामा शिकाडस. मना बाप बी त्यासमा व्हता. माले माफ करा.”

बाई म्हणाल्या, “माफी मी कशी देऊ, भाऊ? ती आजीनी देवानी व्हती. तुमना वर्गमा पोरेसले सांगा. बापनं नाव धरीसन सांगा.”

“गाव माले तठे ऱ्हाऊ देवाव नही, अक्का.”

“मंग माले बी काही मांगू नका.”

परतीच्या गाडीत सोनगीर मागे पडल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “जीव थकी गया मना.”

दिवाळीनंतर सरांचा फोन आला. त्यांनी बाईंना आपल्या शाळेत बोलावलं होतं. बाई लहानपणानंतर पहिल्यांदाच त्या गावात गेल्या. सोबत मी होते. त्यांनी वर्गाला सगळं साध्या शब्दांत सांगितलं. मग सर फळ्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, “कडी लावणाऱ्यांत माझे वडील होते.” त्यांनी नाव घेतलं. बाईंनी त्यांचे आभार मानले नाहीत. फक्त आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं.

वडिलांनी सरांशी बोलणं टाकलं. गावातल्या लोकांनी शाळेत येऊन जाब विचारला. शेवटी सर बदली घेऊन पिंपळनेरकडे गेले.

निवृत्तीनंतर वर्षभरात बाई वारल्या. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा सरही आले होते. बाईंच्या मुलीने मला विचारलं, “आई कुठल्या गावची, ते गाव का सोडलं, तुम्हाला काही माहीत आहे का? आम्हाला तिने कधीच सांगितलं नाही.”

मी सरांकडे पाहिलं. सर तिच्यासमोर सतरंजीवर बसले. म्हणाले, “ताई, मी सांगतो. पण आधी माझ्या वडिलांचं नाव ऐकून घ्या.”