भाऊंचा तांब्या

आमच्या चौकातले भाऊ देशभक्तीतून कधी सुट्टी घेत नाहीत. जवान शहीद झाला की संध्याकाळी फ्लेक्स लागतो. त्यात जवान पासपोर्टएवढा, भाऊ दरवाजाएवढे. प्रत्येक वाक्यामागे "काय?" विचारतात, उत्तरासाठी मात्र थांबत नाहीत.

परवा मांजरी गावच्या एका जवानाचं अस्थिविसर्जन होतं. वडील कलश घेऊन आळंदीला निघाले होते, पण भाऊंनी तो दर्शनासाठी चौकातच उघड्या जीपवर ठेवून घेतला. आमदार यायचे होते. ऊन चढलं.

वडील म्हणाले, "लेकाला उन्हात किती येळ ठेवायचा? आळंदी लांब हाय."

"काका, साहेबांची आदरांजली राहिलीय. काय?"

वडिलांनी कलश उचलला, उपरण्यात गुंडाळून छातीशी धरला आणि रिक्षात बसून निघून गेले.

भाऊंनी चहावाल्याचा तांब्या मागवला, त्याला लाल फडकं बांधलं आणि जीपवर ठेवला.

"अहो भाऊ, रिकामा आहे तो!" मी म्हणालो.

"भावना रिकामी नाही ना? काय?"

पहिलं फूल त्यांनीच वाहिलं, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. ते अश्रू खोटे असते तर मला बरं वाटलं असतं.