गप्प बसायला शिकायचं तर इंदूर

“बाई परत आली नाही, की समजायचं तिचं बरं चाललंय.” धुळ्याच्या समुपदेशन केंद्रात मी नवखी असताना आमच्या मोठ्या ताई म्हणाल्या होत्या. मी ते वर्षानुवर्षं मानलं. मग माझ्याकडे सल्ल्याला येणारी रेखा (नाव बदललंय) यायची थांबली आणि मनाला ते पटेना. न परतलेल्या बायकांना भेटून, त्या का थांबल्या याचा अभ्यास करावासा वाटला. पण अभ्यास करतात कसा? तेवढ्यात इंदूरला मुरलेल्या समाजकार्यकर्त्यांसाठी संशोधन पद्धतीचं प्रशिक्षण असल्याचं कळलं. शाळेची सहल निघावी तशी मी बॅग भरली!

धुळ्याहून सकाळची बस घ्या, उजेडात पोचाल. सेंधव्यानंतर नर्मदेचा पूल येतो, तेव्हा झोपू नका. मानपूरचा घाट चढला की हवाच बदलते.

माझी खोली अन्नपूर्णा भागात, शिंदेकाकूंच्या घरी. पिढ्यान् पिढ्या इंदूरचं मराठी घर. “आरामात राहा हं, टेन्शन नका घेऊ,” म्हणत त्यांनी वाफाळते पोहे दिले, वर शेव, शेजारी जिलबी. बाहेरही हा नाश्ता अगदी स्वस्तात होतो.

वर्गात पहिल्याच दिवशी आमच्या प्रशिक्षिका वंदनाजींनी काम दिलं: कुणालाही विचारा, सुरू केलेली एखादी गोष्ट का सोडली? आणि बोलणं रेकॉर्ड करा. मी काकूंनाच गाठलं.

“दवाखान्यात घुटन्याच्या कसरतीला जायचे. सोडलं. टाइम नाही मिळत,” काकू गुडघा चोळत म्हणाल्या.

झालं! घरीच करा, शेक घ्या, सूनबाईंना सोबत न्या... मी सुटलेच.

दुसऱ्या दिवशी वर्गात ते ऐकवलं गेलं. “ताई, इंटरव्ह्यू काकूंचा होता की तुमचा?” वंदनाजींनी विचारलं.

“अरे, ताईंनी तर केस क्लोज भी कर दी!” मागच्या बाकावरून देवासचे एक भिया (इकडे भाऊला भिया म्हणतात) ओरडले. सगळे खदखदून हसले, मीही. मग भियांचं रेकॉर्डिंग लागलं. त्यांनी तर समोरच्याला पेन्शनचा अर्जही समजावला होता!

त्या संध्याकाळी पुन्हा काकूंसमोर बसले. “शेवटचं गेलात तो दिवस आठवतो?” एवढंच विचारलं आणि तोंडात बडीशेप धरून गप्प राहिले. पंखा फिरत होता. जीभ शिवशिवत होती.

“तिथली मुलगी लई प्यारी होती,” काकू हळूच म्हणाल्या. “रोज नवा उपाय सांगायची. माझ्याकडून व्हायचं नाही, मग तिचं तोंड उतरायचं. मला नाही बघवायचं ते. म्हणून जाणंच बंद केलं.”

मला रेखा दिसली. दर वेळी उत्साहानं तिला नवा मार्ग सांगणारी मीही दिसले. “थँक्यू, काकू,” एवढंच म्हटलं. काकूंच्या परवानगीनंच हे इथे लिहितेय.

परतीच्या बसमध्ये शेवेचं पाकीट मांडीवर होतं. नमुना निवड, प्रश्नावली, संमती, सगळं शिकले. पण घरी आल्यावर टिकलंय ते बडीशेपेच्या चवीचं गप्प राहणं.

काल रेखाला फोन केला. ती नाही म्हणेल हे जवळजवळ ठरलेलंच, आणि तिला तो हक्क आहे, हेही इंदूरलाच शिकले. तरी म्हटलं, “रेखा, तू यायची का थांबलीस, तेवढं ऐकायचंय. मी काही सुचवणार नाही. भेटशील मला?”