रणगाड्याचा सैल पट्टा

गल्लीत त्यांना ताणकाका म्हणत. उभा जन्म त्यांनी वाद्यांच्या दुकानात ढोलांची कातडी ताणून बसवण्यात घालवला. कडेला टिचकी मारायची, मान तिरकी करून ऐकायचं, चावी नखभर फिरवायची, की पुन्हा टिचकी. "काका, तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात," असं कुणी चिडवलं, की ते मिशीत हसायचे. "तुटायच्या केसभर अलीकडे थांबणं, हीच तर आमची रोजीरोटी!"

आता दुकान सुटलं होतं, बायको देवाघरी गेली होती, मुलगा जहाजावर होता. घरात उरले काका आणि सून. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. पोरगी गुणाची, पण बोलणं मोजूनमापून. "बाबा, जेवण वाढलंय", "बाबा, दार लावून घ्या". यापुढे गाडी सरकतच नव्हती. फक्त रविवारी ती माहेराहून आणलेला रणगाडा कपाटावरून उतरवायची. रिमोटवर चालणारा, मांजराएवढा. तो फरशीवर धावू लागला की तिचा चेहरा असा उमलायचा, की काका पेपर उलटा धरून बघत बसायचे. या मुलीसाठी आपण काहीतरी करावं, असं त्यांना फार वाटे.

एका शनिवारी ती कामावर गेल्यावर त्यांनी रणगाडा पुसायला घेतला. पाहतात तर काय, चाकांवरचे पट्टे चक्क लोंबताहेत! उजवा तर वाळत घातलेल्या चादरीसारखा. काकांचे हात शिवशिवले. पुढच्या चाकाशी एक स्क्रू होता. तो फिरवला की चाक पुढे सरायचं आणि पट्टा ताणला जायचा. मग काय विचारता! दुपारपर्यंत दोन्ही पट्टे एका सुरात बोलायला लागले. टण्ण!

रविवारी सुनेने रिमोट दाबला. रणगाडा कण्हला, वीतभर रखडला आणि थांबला. तिने वाकून पट्ट्याला बोट लावलं.

"याला कुणी हात लावला?"

"मीच गं. फार सैल होता. म्हटलं, तुला जरा..."

ती भिंतीला टेकून खालीच बसली. "पट्टा माझ्या अप्पांनी लावलेला होता. शेवटचा. ते गेल्यापासून मी तो स्क्रू फिरवलाच नव्हता."

व्याह्यांच्या हाताची खूण आपण टिचक्या मारमारून पुसून टाकली! आता ही आपल्याशी "दार लावून घ्या" एवढंही बोलेल की नाही?

"कसा होता, सांग," ते कसेबसे म्हणाले. "मी परत तसा लावतो."

"ते कसं सांगू? मोजून थोडाच ठेवला होता त्यांनी?"

"बरं, चालायचा कसा?"

तिने नाक पुसलं. "वाकडा. उजवा पट्टा जास्त ढिला, म्हणून सरळ सोडला तरी डावीकडे ओढायचा. अप्पा म्हणायचे, गुणी आहे, पण ऐकत नाही."

काकांनी फरशीवर बैठक मारली. गुडघे कुरकुरले. जन्मात पहिल्यांदाच ते काहीतरी सैल करत होते. सवयीने टिचकी मारली, तर आवाजच नाही! सैल पट्टा मुका. सगळ्या आयुष्याची कमाई असलेला कान इथे बिनकामाचा.

"कानाने नाही, बाबा. बोटाने." सुनेने त्यांचं बोट धरून पट्ट्यावर ठेवलं. "दाबा. सहज खालच्या चाकाला टेकला पाहिजे."

रणगाडा सोडला. सरळ गेला. "अंहं." उजवा जरा ढिला केला. किंचित वळला. "अजून." पुन्हा आणला, पुन्हा सोडला. आणि मधल्या वेळात ती बोलायला लागली. अप्पांची शिट्टी, रणगाडा रंगवताना दोघांनी मिळून खराब केलेलं टेबल, त्यावरून आईने घेतलेला दोघांचा समाचार. काका स्क्रू फिरवत होते आणि ऐकत होते. मध्ये चकार शब्द काढत नव्हते, न जाणो, थांबली तर!

ऐकण्याच्या नादात स्क्रू जास्तच फिरला. रणगाडा निघाला तो गर्रकन वळून थेट सोफ्याखाली.

सुनेला हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाली, "अहो बाबा, इतकेही वाकडे नव्हते माझे अप्पा!"

"मग काढ बाहेर," काका म्हणाले, "थोडं मागे घेऊ. आणि आई ओरडल्यावर पुढे काय झालं, ते राहिलं."