बाजेखालून बसलेला धक्का

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त टाइमपास म्हणून ऐकल्या. केनवडला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, गिऱ्हाइकं काय वाट्टेल ते सांगतात... पण हे माझ्याच घरात, भरदुपारी घडलं.

माझं घोरणं गावभर प्रसिद्ध. घोरता घोरता मधेच श्वास अडकायचा. मी बाजेवर झोपायचो आणि सुमन, माझी बायको, खाली सतरंजीवर. श्वास थांबला की ती पडल्या पडल्या खालून बाजेला लाथ मारायची, मी दचकून कूस बदलायचो. मग नवऱ्याला पाय लागला म्हणून उठून माझ्या पायाला हात लावायची, तो कपाळाला लावायची. लाथ बसली बाजेला, नमस्कार मला! मी खूप चिडवायचो तिला.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. त्यानंतर मी दुकानात बसल्या बसल्या पेंगायला लागलो. मुलगी वर्षा मला अकोल्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. स्लीप अ‍ॅप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास थांबायचा आजार. नाकावर मास्क, त्यातून हवा सोडणारी मशीन. खोटं कशाला बोलू — महिन्याभरात माणसात आलो. सकाळची डोकेदुखी गेली, गाडीवर डुलकी येईना.

एका दुपारी मास्क लावून पडलो होतो आणि लाइन गेली. मशीन बंद पडली, मला पत्ताच नाही... खालून बाजेला लाथ बसली. डोळे उघडतो तोच पायाच्या अंगठ्याला बोटं टेकली. पाहतो तर खाली नुसती फरशी. वर्षा बाहेर अंगणात डाळ पाखडत होती.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जीव गुदमरला की मेंदूच आपल्याला जागं करतो. असेल. पण बोटांचं काय?

त्यानंतर मी मुद्दाम मास्क काढून झोपायला लागलो. दरवेळी ती आली. मशीन चालू असली की यायची नाही. सांगायला लाज वाटते, पण मला चांगली झोपच नकोशी झाली. पुन्हा डोकं दुखू लागलं, तरी सुधरलो नाही.

वर्षानं एकदा पकडलंच. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसेल नाहीतर रागावेल. ती बाजेच्या काठावर बसली. हळूच म्हणाली, "बाबा, आईची जिंदगीभर एक झोप पुरी झाली नाई. आता तं तिले झोपू द्या."

 त्याच आठवड्यात इन्व्हर्टर बसवून घेतला.

तब्येत आता ठणठणीत आहे. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही, आणि कोणाला विचारतही नाही. मास्क चढवतो, हवा सुरू होते. बाजेखाली काहीच हलत नाही.