आंबोलीच्या थंडीत रबरी गाद्या

बाबलो सकाळी उठेना. त्याच्यासाठी चहा तंबूत नेला, तर त्याला कपही धरवेना. अंग तापलेलं आणि दात वाजत होते.

"अण्णानू, छातीत कळ येता. श्वास घेवक जमना नाय."

धरणाची जागा पाहायला आंबोलीच्या घाटमाथ्यावर आमचा सर्व्हे कॅम्प पडला होता. साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी सर्व्हेअर, मालवणचा. बाबलो जवळच्याच कट्टा गावचा, माझा चेनमन, म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी ओढणारा. आम्ही समुद्राकाठची माणसं. पौषातही चादर पुरे होते. इथे सकाळी दवाने तंबू निथळायचे.

कॅम्पचे इंजिनिअरसाहेब मुंबईचे. त्यांनी सगळ्यांसाठी खास रबरी गाद्या मागवल्या होत्या. तोंडाने हवा भरायची, बूच लावायचं, जमिनीवर टाकून निजायचं. सोबत रंगीत पत्रक होतं. त्यात पोहण्याच्या कपड्यांतली एक मडम गादीवर पहुडलेली, मागे समुद्र, वर ऊन. गादी कुठे वापरायची हे बनवणाऱ्याने चित्र काढून सांगितलं होतं. साहेबांनी फक्त परदेशी शिक्का वाचला.

गादी मऊ होती, कबूल. पण मऊ म्हणजे उबदार नव्हे. पोकळ गादीत हवा मोकळी फिरते. जमिनीला लागून गार होते, वर येऊन पाठीची ऊब घेते, पुन्हा खाली जाते. वर चार घोंगड्या घ्या, खालून अंग गारठतच राहतं. पेंढ्यात हीच हवा काड्याकाड्यांत अडकून पडते, म्हणून ऊब टिकते. हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. झालात तर कळणारच नाही असंही नाही, पण आमच्या साहेबांनी ते न कळणं जमवलं होतं.

मी त्यांच्या तंबूत गेलो. "साहेब, बाबलोला सावंतवाडीला दवाखान्यात न्यायला जीप हवी. आणि सगळ्यांना अंथरायला पेंढा."

"जीप तपासणीला येणाऱ्या मोठ्या साहेबांना आणायला जाणार आहे. आणि पेंढा? हा कॅम्प आहे की गोठा?"

"माणूस जाईल, साहेब."

"मीही त्याच गादीवर झोपतो. मला काही झालंय?"

झोपत होते खरे. पण त्यांची रबरी गादी खाटेवर होती, आणि तिच्यावर घरून आणलेली कापसाची जाड गादी होती.

मी बाहेर आलो आणि बाबलोला जीपमध्ये झोपवलं. ड्रायव्हर कुडाळचा, ओळखीचा.

"अण्णानू, सायब काय म्हणतले?"

"काय म्हणतले ते माका म्हणतले. तू गाडी काढ."

डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला आणि लगेच इंजेक्शन दिलं. "उद्या आणला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं," ते म्हणाले.

परतताना पेंढ्याचे भारे जीपमध्ये कोंबले आणि खाली डाकबंगल्यावर जीपची वाट पाहत ताटकळत बसलेल्या मोठ्या साहेबांना घेतलं. ते भाऱ्यांना टेकूनच घाट चढले. "हे कशाला?" त्यांनी विचारलं. "बिछान्यांना," मी म्हटलं.

कॅम्पवर आमचे साहेब माझ्याकडे डोळे वटारून पुढे आले. तेवढ्यात मोठे साहेब उतरले, कोटावरच्या काड्या झटकत म्हणाले, "पेंढ्याचं काम चांगलं केलंत हं. थंडी फार आहे इथे."

"होय सर," आमचे साहेब म्हणाले. "मीच पाठवलं होतं यांना. माणसांची काळजी घ्यावीच लागते."

डोळ्याची पापणीही लवली नाही.

आम्ही गोणपाटांत पेंढा भरून तोंडं शिवली. त्यानंतर कोणी कुडकुडत उठलं नाही. मोजणी पुरी झाली. बाबलो वाचला, पण चढावर त्याला धाप लागू लागली. त्याने साखळी सोडली आणि घरच्या काजूंत राबू लागला. साहेबांना बढती मिळाली.

थंडीत तंबू ठोकणारे लोक आजही मला विचारतात, गादी कोणती घ्यावी? मी सांगतो, कुठलीही घ्या. मात्र ज्याने ती पसंत केली त्याला आधी एक रात्र उघड्या जमिनीवर, अंगाखाली फक्त तीच देऊन झोपवा.